बीएसए एम२० की मॅचलेस जी३एल : नागपुरातल्या ग्राहकासाठी तुलना

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने वापरलेल्या बीएसए एम२० आणि मॅचलेस जी३एल या दोन मोटारसायकलींपैकी एक, रिस्टोअर केलेली, विकत घेण्याचा विचार ज्यांच्या मनात पक्का होत आला आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. वरवर पाहता दोन्ही सारख्याच वाटतात: एक सिलिंडर, चार गिअर, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक आणि मागे शॉकॲब्सॉर्बरच्या नावाने शून्य. जुनी बुलेट चालवलेल्यांना ही मांडणी सवयीची असते. इतरांनी पहिला प्रयोग सीताबर्डीच्या गर्दीत करू नये.

खरा फरक इंजिनात आहे. एम२०चे इंजिन ४९६ सीसीचे असले तरी ते साइड व्हॉल्व्हचे, म्हणजे सिलिंडरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेले आहे आणि जेमतेम १३ हॉर्सपॉवर देते; जी३एलचे ३४७ सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर, सिलिंडर हेडमध्ये) इंजिन सुमारे १६ देते. साइड व्हॉल्व्हमध्ये एक्झॉस्टचा जळता वायू बिडाच्या सिलिंडरच्या कुशीतूनच बाहेर पडतो, त्यामुळे उष्णता तिथेच साचते. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, आणि अशा दुपारी वर्धा रोडवरच्या सिग्नलला थांबत-थांबत एम२० चालवणे हा इंजिनावर अन्याय आहे. उलट, तिचे कॉम्प्रेशन इतके कमी आहे की युद्धकाळातल्या हलक्या दर्जाच्या पेट्रोलवरही ती चालत असे, आणि सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ती इतक्या संथपणे डुगडुगत जाते की हिवाळ्यातल्या सकाळी अंबाझरीच्या बाजूला फेरफटका मारायला तिच्यासारखी गाडी नाही. रामटेकपर्यंतचे सुमारे पन्नास किलोमीटर मात्र मॅचलेसवर अधिक सुखाचे होतात. ती एम२०पेक्षा हलकी आहे आणि तिचा पुढचा टेलिस्कोपिक फोर्क, ज्याला कंपनी टेलिड्रॉलिक म्हणत असे, खड्डा पचवतो. युद्धकालीन एम२०चा स्प्रिंगचा गर्डर फोर्क तोच खड्डा थेट मनगटापर्यंत पोहोचवतो.

सुट्या भागांच्या बाबतीत पारडे एम२०कडे झुकते, कारण युद्धकाळात तिच्या सुमारे १,२६,००० गाड्या बनल्या, तर जी३ (जी३एलची आधीची आवृत्ती) आणि जी३एल मिळून सुमारे ८०,०००. टायरची चिंता दोन्हीकडे नाही, ३.२५-१९ मापाचा टायर बुलेटमुळे आपल्याकडे मिळतो. मॅचलेसचा प्रायमरी चेनकेस (इंजिनापासून क्लचपर्यंतच्या चेनचे झाकण) पत्र्याचा असून तो तेल गाळण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, तेव्हा गाडीखाली पसरलेला पुठ्ठा पाहून घाबरू नये. पुठ्ठा अगदी कोरडा दिसला, तर आत तेल आहे का ते आधी तपासावे.

रिस्टोअर केलेली गाडी पाहायला जाताना इंजिन आधी तापवून ठेवू नये, असे विक्रेत्याला सांगावे आणि पोहोचताच सिलिंडरच्या पात्यांना हात लावून ते गार असल्याची खात्री करावी. मग विक्रेत्याला स्वतः किक मारू द्यावी: कार्ब्युरेटरचा टिकलर (पेट्रोल भरून घेण्याचे छोटे बटण) दाबून पेट्रोल बाहेर येईपर्यंत थांबणे, इग्निशनचा लिव्हर रिटार्डवर घेणे, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असे करणे, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे आणणे आणि मग एकच भरीव किक. हा क्रम त्याच्या हातात मुरलेला नसेल, तर गाडी दिवाणखान्यातच उभी होती असे समजावे. मात्र गार इंजिन सुरू होण्यावरून फारसे कळत नाही. वीसेक मिनिटे चालवून गाडी बंद करावी, पाच मिनिटे थांबावे आणि पुन्हा किक मारावी. एम२०वर लुकासचा मॅगडायनो, म्हणजे ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि दिव्यांसाठीचा डायनॅमो एकत्र, असतो; जी३एलवर मॅग्नेटो आणि डायनॅमो वेगवेगळे असतात. मॅग्नेटोतला जुना कंडेन्सर आणि आर्मेचरच्या तारेच्या गुंडाळीवरचे शेलॅक (लाखेचा थर) उष्णतेने दगा देते, आणि क्रोम-रंगावर हात सैल सोडणाऱ्या अनेकांनी मॅग्नेटोला हातही लावलेला नसतो. ही गुंडाळी नव्याने केल्याचे, म्हणजे रिवाइंडिंगचे, बिल मागावे. टाकीला आतून कोटिंग दिले असल्यास ते इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे आहे का, हेही विचारावे, कारण जुने कोटिंग सुटून त्याचे पापुद्रे कार्ब्युरेटरमध्ये अडकतात.

कागदपत्रांचा प्रश्न दोन्ही गाड्यांना सारखाच, पण निर्णायक आहे. बीएसएचे इंजिन आणि चेसिस नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे येत, त्यामुळे ते एकमेकांशी जुळत नसल्यास हरकत नाही. दोन्ही आरसीशी मात्र जुळलेच पाहिजेत, आणि आकड्यांभोवती कानस फिरल्याची खूण दिसू नये. फौजी एम२०च्या नंबराआधी डब्ल्यूएम२० ही अक्षरे असतात. आरसीचे दर पाच वर्षांचे नूतनीकरण चालू असेल तर उत्तमच. नसेल, तर २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते: नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. शिवाय चेसिसमध्ये किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत, त्यामुळे बुलेटचे भाग जोडून उभी केलेली एम२० इथे अडकू शकते.

नियमित चालवायची असेल आणि आरसी जिवंत असेल, तर मी मॅचलेस घेईन. व्हिंटेज नोंदणीच करायची असेल, तर मॅचलेसचा वेग आणि आराम यांचा उपयोग उरतच नाही आणि सुट्या भागांच्या सोयीमुळे एम२० सरस ठरते. दोन्हींत गरम इंजिनाची चाचणी फसली, तर मॅग्नेटोच्या कामाचा खर्च आधी मेकॅनिककडून विचारून घ्यावा आणि तो वजा करूनच किमतीचे बोलणे सुरू करावे.