नस दबल्याचा संशय: सोनोग्राफी की एमआरआय?

हाताला मुंग्या येतात आणि दोन्ही तपासण्या सुचवल्यात, तर आधी कोणती? मनगट, कोपर अशा वरवरच्या नसांसाठी मी सोनोग्राफीकडे झुकेन. खर्च कमी, वेळ थोडा. शिवाय कोपर वाकवताना नस जागेवरून घसरते का, हे तिथल्या तिथे दिसतं. मनगटातून तळहाताकडे जाणाऱ्या मीडियन नसेच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण 10 चौरस मिलिमीटरहून मोठं भरलं, तर कार्पल टनेलचा, म्हणजे ही नस मनगटात दबल्याचा, संशय बळावतो. मात्र सगळी भिस्त तपासणाऱ्याच्या हातावर.

एमआरआयमध्ये बराच वेळ निश्चल पडून राहावं लागतं. (पेसमेकर असेल तर आधीच सांगा.)

नस काम किती करते, हे दोन्हींतून कळत नाही; त्यासाठी नर्व्ह कंडक्शन तपासणी, म्हणजे नसेतून विद्युत संदेश कसा जातो ते मोजणं.

तक्रार मनगट-कोपराची असेल तर सोनोग्राफी. खांद्याजवळच्या किंवा ओटीपोटातल्या खोल नसांची शंका असेल, तर एमआरआय.