घोडबंदर रोड की डोंबिवली पूर्व : स्टेशनानंतरचा प्रवास मोजा

ठाणे-डोंबिवली पट्ट्यात घरं दाखवायला लागून मला सतरा वर्षं झाली. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच. साधारण तेवढ्याच पैशांत ठाण्यात घोडबंदर रोडला टॉवरमधला वन बीएचके घ्यावा, की डोंबिवली पूर्वेला जुन्या सोसायटीतला टू बीएचके? विचारणारी जोडपी बहुतेक तिशीतली असतात आणि दोघांपैकी एक तरी मुंबईला नोकरीला जात असतो. मी दोन्हीकडे राहिलोय, त्यामुळे इथे लिहितोय ते एजंट म्हणून कमी आणि घरातला माणूस म्हणून जास्त.

लग्नानंतर दोन वर्षं आम्ही घोडबंदर रोडवर वाघबीळला भाड्याने होतो. घराबद्दल बोट ठेवायला जागा नव्हती. नवव्या मजल्यावरून येऊरचा डोंगर दिसायचा, पावसाळ्यात तर नजर हटत नसे. लिफ्ट, जनरेटर, खाली मुलांना खेळायला जागा, गाडीला हक्काचं पार्किंग, सगळं होतं. बायकोचं ऑफिस फोर्टात. ती संध्याकाळी सीएसएमटीहून फास्ट पकडायची आणि मुलुंड गेलं की मला फोन करायची. मी कुकर लावायचो. तीन शिट्या व्हायच्या, वाफ जिरायची, वरण-भात निवून जायचा आणि मी पुन्हा फोन केला की ती म्हणायची, "आत्ता कुठे कापूरबावडी आलंय." ठाण्याला उतरल्यावर सॅटिसवर, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या उन्नत बसथांब्यावर, टीएमटीच्या बसची रांग, नाहीतर खाली शेअर रिक्षाची रांग. बस मिळाली की मग माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा असं एकेक सिग्नल मोजत यायचं. त्यात गायमुखच्या घाटात एखादा कंटेनर बंद पडला की सगळा रस्ता मागे तुंबत यायचा, कारण गुजरातकडे जाणारी अवजड वाहनं याच रस्त्याने जातात. सीएसएमटी ते ठाणे पाऊण तास आणि ठाणे ते वाघबीळही कित्येकदा पाऊण तास. हा दुसरा पाऊण तास आम्ही घर भाड्याने घेताना धरलाच नव्हता.

आज आम्ही डोंबिवलीत रामनगरला राहतो. गाडीत तिची वीसेक मिनिटं वाढली, हे खरं. पण आता ती ठाणं सुटलं की फोन करते आणि कुकरची वाफ जिरेपर्यंत दारात उभी असते. स्टेशन ते घर चालत आठ मिनिटं, तेही वाटेत भाजी घेऊन. एकूण वेळात फार फरक पडला असं नाही. काही दिवशी तर घोडबंदरला ती लवकरही पोहोचायची. फरक असा की आता ती किती वाजता येणार ते आम्हाला दोघांना माहीत असतं. मुलगी झाल्यावर, पाळणाघरातून तिला कोण आणणार हे रोज ठरवताना, याची किंमत कळली.

डोंबिवलीचे त्रास लपवून मी घर विकत नाही. सकाळची फास्ट कल्याणकडून भरूनच येते. डोंबिवलीहून सुटणारी लोकल धरायची तर त्या वेळेप्रमाणे आयुष्य लावावं लागतं. रस्ते अरुंद, जुन्या इमारतींना पार्किंग नाही, बऱ्याच ठिकाणी लिफ्टही नाही. आईवडील सोबत राहणार असतील तर दुसऱ्या मजल्याच्या वर मी घर दाखवतच नाही. एमआयडीसीच्या निवासी भागात बंगले छान आहेत, हवेशीर वाटतात, पण शेजारी रासायनिक कारखाने आहेत. २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यात तिथे झालेले स्फोट इथला माणूस विसरलेला नाही. लहान मूल असलेल्या पार्टीला मी ते घर नको म्हणतो, माझं ब्रोकरेज गेलं तरी.

आणि कागद. याबाबत मला मनापासून सांगायचंय. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचे आदेश दिले. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांना महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, नंबर मिळवलेले होते. त्यात घर घेतलेली माणसं आपल्यासारखीच, कर्ज काढून आलेली. म्हणून नव्या इमारतीत नुसता रेरा नंबर बघून टोकन देऊ नका. बांधकाम परवानगीची प्रत घ्या आणि पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती खरी आहे का ते विचारा. त्यात एक दिवस गेला तर जाऊ द्या. रीसेलमध्ये सोसायटीच्या नावावर जमीन झालीय का ते आधी पाहा. हे कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर उद्या रीडेव्हलपमेंट अडते आणि मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे बिल्डरशिवाय सरकारी कार्यालयातून जमीन नावावर करून घेण्याच्या, मागे लागावं लागतं. इमारत फार जुनी असेल तर बँक कर्ज देताना हात आखडते, तेही सौदा करण्याआधीच विचारून घ्या. या बाबतीत घोडबंदरचे मोठे प्रकल्प सरस आहेत, कागद बहुतेक वेळा नीट लावलेले असतात.

मेट्रोचं काय, हे हमखास विचारलं जातं. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ पुढे गायमुखपर्यंत जाणार आहे आणि ती सुरळीत धावू लागली की घोडबंदरचं पारडं जड होईल, यात शंका नाही. ज्यांचं ऑफिस मुलुंड, भांडुप, विक्रोळी किंवा घाटकोपरला एलबीएस रोडच्या आसपास आहे, त्यांनी मी म्हणतो ते बाजूला ठेवून खुशाल घोडबंदर घ्यावं. पण ही मेट्रो ठाणे रेल्वे स्टेशनात जात नाही. ती तीन हात नाका, कॅडबरी, माजिवडा अशी जाते. फोर्टात किंवा दादरला लोकलने जाणाऱ्याला स्टेशन ते घर हा तुकडा उरतोच.

ठाण्यातच वागळे इस्टेटला किंवा जवळ नवी मुंबईत ऐरोलीला नोकरी असेल, किंवा आठवड्यातले चार दिवस घरून काम असेल, तरीही घोडबंदरच. तिथल्या मोकळेपणाला डोंबिवलीत तोड नाही, हे मीही मान्य करतो. उलट कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मोठ्या वसाहतींना मी डोंबिवली धरत नाही. तिथे स्टेशनपासून पुन्हा तीच रिक्षाची रांग आहे. स्वतःच्या गाडीने ठाण्याला जाणाऱ्यांसाठी मोठागाव-माणकोली पूल झाल्यापासून डोंबिवली पश्चिम सोयीची झालीय, तेवढं मात्र नव्याने बघण्यासारखं आहे.

बाकी डोंबिवलीत फडके रोडवरची दिवाळीची पहाट, १९९९ पासून गुढीपाडव्याला निघणारी स्वागतयात्रा, गणेश मंदिराचा परिसर, यांचं मोल प्रत्येकाला वेगळं. आम्हाला ते नंतर कळलं.

साइट व्हिजिट रविवारी दुपारी ठेवू नका. त्या वेळी घोडबंदर रोड मोकळा असतो आणि सॅम्पल फ्लॅटचा एसी छान वाटतो. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी ऑफिस सुटल्यावर नेहमीच्या गाडीने ठाण्याला उतरा, रांगेत उभे राहा आणि त्या टॉवरच्या गेटपर्यंत जाऊन या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला डोंबिवलीला उतरा आणि टिळकनगर, रामनगर, पेंडसेनगर यांतल्या जिथलं घर बघताय तिथवर चालत जा. दोन्ही दिवशी गेटशी पोहोचल्यावर घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवा आणि मग मला फोन करा.