मोनो की हेनिओकस? विदर्भातल्या घरी खाऱ्या पाण्यातला थवा

सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी मुरली आहे, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि आरओ (पाणी गाळून क्षार काढणारं यंत्र) बसवून झालेत, आता पाच-सहा मोठ्या माशांचा थवा सोडायचा आहे. अशा वेळी हिंगणघाट, वणी, पुसदकडच्या माणसापुढे व्यवहारात दोनच नावं उरतात: चंदेरी मोनो आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हेनिओकस.

खर्चात मोनो जिंकतो. खाडीतला मासा असल्यामुळे तो 1.015 घनतेच्या, म्हणजे समुद्राच्या 1.025 पेक्षा कमी खाऱ्या पाण्यातही मजेत राहतो. 600 लिटर पाण्याला 1.025 साठी साधारण 21 किलो मीठ लागतं, 1.015 ला 12 किलोत भागतं. मीठ कुरिअरनं मागवणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. फक्त इतक्या कमी खाऱ्या पाण्यात लाइव्ह रॉकवरचे (समुद्री जीव वसलेल्या दगडांवरचे) जीव मरतात आणि पाणी नासतं, म्हणून ही बचत कोरडे दगड आणि बायोमीडियावर (पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना घर देणाऱ्या सच्छिद्र तुकड्यांवर) चालणाऱ्या टाकीपुरतीच.

नवतपातही, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांतही, मोनोच सोपा. पाणी 30 अंशांवर गेलं तरी तो निभावून नेतो. हेनिओकसला 28 च्या आत ठेवलेलं बरं, कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि हा आधी धापा टाकतो. आपली हवा कोरडी असल्यामुळे संपवर (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीवर) दोन पंखे लावले तर बहुधा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागत नाही. खिडकी मात्र उघडी हवी. बंद खोलीत हवा दमट झाली की पंखे नुसतेच फिरतात. मे महिन्यात रोज 10 लिटरच्या पुढे पाणी उडतं. ते भरायचं आरओच्या गोड पाण्यानं, खाऱ्या नाही.

इथवर मोनोच घ्यावा असं वाटेल. पण आपल्याकडे लाईन जाते, आणि मोनोचा खरा त्रास ती परत येते तेव्हा होतो. अंधारात स्थिर झालेला थवा दिवा भक्कन लागला की एकदम उधळतो आणि काचेवर आदळतो. खवले निघतात, डोळा पांढरा होतो, जखमेवर बुरशीसारखा थर चढतो. टायमरनं हे सुटत नाही. साधा यांत्रिक टायमर लाईन गेली की थांबतो आणि रोज मागं पडत जातो. बॅटरीवाला वेळ धरून ठेवतो, पण रात्री आठला लाईन आली तरी दिवा झटक्यातच लावतो. हळूहळू उजळणारा एलईडी घ्यावा, त्यातही वीज परतल्यावर शून्यापासून चढणारा. काही थेट पूर्ण उजेडानं सुरू होतात, म्हणून घेण्याआधी प्लग काढून पुन्हा लावून पाहावं. शिवाय इन्व्हर्टरवर एक मिणमिणता निळा दिवा रात्रभर ठेवावा. एवढं करूनही पाचातला एखादा मोनो आदळतोच, असा माझा अनुभव. हेनिओकस दचकतो, पण दगडाआड सरकतो आणि दोन मिनिटांत बाहेर येतो. माझा कल त्याच्याकडे झुकला तो एवढ्यावरूनच.

इन्व्हर्टरवर एअर पंप आणि एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) दोन्ही माशांसाठी हवाच. 30-40 वॉटचा भार 150 एएचची बॅटरी रात्रभर सहज ओढते.

हेनिओकसची किंमत वेळात मोजावी लागते. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला द्यावं लागतं, आणि नवा मासा सुरुवातीला कोरड्या दाण्याला तोंड लावत नाही. गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) गावापर्यंत वितळूनच येतो. तो पुन्हा गोठवू नये. त्यापेक्षा आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची) अंडी घरी उबवावीत, 28 अंशांच्या आसपास एका दिवसात पिल्लं निघतात. सोबत बारीक चिरलेली कोळंबी. दिवसभर घराला कुलूप असेल तर मोनोच बरा म्हणावा लागेल. तो दोन-चार दिवसांत दाणे खायला लागतो.

घेताना एक बघा: थव्यानं राहतो तो हेनिओकस डिफ्र्यूट्स. दुकानात त्याच नावानं अक्युमिनेटसही विकला जातो, जो मोठा झाला की एकटा किंवा जोडीनं राहतो. डिफ्र्यूट्सचं तोंड आखूड, छाती गोलसर आणि पाठीवर बहुधा 12 काटे, अक्युमिनेटसला 11. काटे मोजायचे तर पिशवी उजेडात धरून फोटो काढा आणि मोठा करून मोजा. पाचही एकदमच सोडा.