चिकटपट्टीखालचं मॅग्नेशियम

आमची आई खानापूरजवळच्या गावात असते. गेल्या पावसाळ्यात रात्री-अपरात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. भाकरीचा तुकडा मोडताना हात थरथरायचा. बेळगावात रक्त तपासलं, तर मॅग्नेशियम १.२. साधारण १.७ च्या वर असायला हवं. डॉक्टरांनी मॅग्नेशियम ग्लायसिनेटच्या, म्हणजे मॅग्नेशियमच्याच एका प्रकारच्या, गोळ्या लिहून दिल्या.

चिठ्ठी खिशातच राहिली. ओळखीतला एकजण घरी पावडरीचा डबा घेऊन आला. "तेच औषध, पण बाहेरच्या देशातलं," म्हणाला. २,८०० रुपये. आईच्या तब्येतीपुढं मी घासाघीस केली नाही.

चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. फोन केला तर म्हणतो, "भिऊ नकोसा मावशी, आतली घाण बाहेर पडालीय. अजून एक चमचा वाढवा." आईनं वाढवला.

बाराव्या दिवशी तिला उठवेना. मॅग्नेशियम ०.९, पोटॅशियमही खाली. दवाखान्यात ठेवून शिरेतून मॅग्नेशियम द्यावं लागलं. डॉक्टरांनी डबा मागवला. मागच्या चिकटपट्टीचा कोपरा नखानं सोलला, तर खाली बारीक अक्षरांत 'मॅग्नेशियम ऑक्साइड' आणि किंमत ३४० रुपये. वर ठळक 'ग्लायसिनेट'. बॅच नंबर कुठंच नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते नीट वाचा. ऑक्साइड अंगात फार थोडं शोषलं जातं, उरलेलं आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब होतात. जुलाबातून असलेलं मॅग्नेशियमही निघून जातं. ते भरून आल्याशिवाय पोटॅशियम वर येत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर उलटा धोका, मॅग्नेशियम रक्तात साठत जातं. म्हणून रक्त तपासल्याशिवाय ते कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. आई आठ वर्षं रोज पित्ताची गोळी घेत होती. तीही मॅग्नेशियम उतरवते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी ती बदलली. तुमच्या घरीही कुणी वर्षानुवर्षं घेत असेल तर परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा.

आता मेडिकलमधली साधी गोळी, जेवणानंतर, दिवसातून दोनदा. दोन महिन्यांनी १.८ आलं.

तक्रार करायला ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर काढला, तेव्हा लक्षात आलं की डब्याचं बिल मी घेतलंच नव्हतं. त्याचा फोन आता लागत नाही. अर्धी सोललेली चिकटपट्टी तेवढी माझ्याकडं आहे.