मुलूला जाताना पायात काय: ट्रेकिंग बूट की रबरी शूज?

बोर्निओ बेटावर, मलेशियातल्या मुलू राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आणि गुहांत फिरायचं तर बूट न्यायचे की मलेशियात मिळणारे ते काळे रबरी शूज, ज्यांना तिकडे गमतीत 'आदिदास कांपुंग' म्हणजे गावठी आदिदास म्हणतात? बूट घोट्याला आधार देतात, पिनॅकल्सच्या, म्हणजे तिथल्या टोकदार सुळक्यांच्या चढाईत, धारदार चुनखडीवर तेच बरे, पण एकदा भिजले की त्या दमट हवेत लवकर वाळतच नाहीत आणि वासाचं तर विचारूच नका. रबरी शूज स्वस्त, हलके, खाली स्टड असतात म्हणून चिखलात पकड मस्त, गुहेतल्या पाण्यातून चालून आलात तरी पाणी ओतून टाकलं की झालं. घोट्याला सपोर्ट मात्र शून्य. पिनॅकल्स नसेल तर मी रबरीच घेईन. जळवांसाठी लांब मोजे दोन्हीत लागतातच, आणि डियर केव्ह या तिथल्या गुहेत टोपी घाला, वर लाखो वटवाघळं असतात!