मैदानावर डासांसाठी: क्रीम की पूर्ण बाह्यांचा शर्ट?

विदर्भात शाळा उघडते जूनच्या अखेरीस आणि पाठोपाठ पंधरा ऑगस्टच्या कवायतीची तयारी लागते. ऊन नको म्हणून आपण पोरांना सकाळी लवकर, नाहीतर चार-साडेचारनंतर मैदानावर काढतो. पंचाईत अशी, की डेंग्यू-चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास दिवसाच चावतो आणि त्याचा जोर नेमका सकाळी अन् सूर्यास्ताच्या आधी असतो. ऊन चुकवलं की डास गाठतो. मग उरतं क्रीम, किंवा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि फुलपँट.

क्रीमनं उकाडा वाढत नाही, पालकांना कपड्यांचं सांगावं लागत नाही. प्रभातफेरी, वृक्षारोपण असं थोड्या वेळाचं काम असेल तर मी आजही क्रीमच देईन.

कबड्डीचं मात्र वेगळं आहे. पोरगा दोन चढाया करून येतो, कपाळावरचं क्रीम घामाबरोबर डोळ्यात उतरतं. तो डोळे चोळतो, तर तळहातालाही क्रीमच. डोळे लाल, हातपंपाकडे धाव, तोंड धुतलं की क्रीमही गेलं. पुन्हा लावायला रांग करावी तर तास संपतो. त्यात पकड सटकते आणि भांडण माझ्यापर्यंत येतं: "सर, यानं मुद्दाम पायालेच जास्त चोपडलं जी!" दुसऱ्या कुणाला हे चालत असेल, माझा निकाल या कटकटीनंच लागला.

शर्टात पोरं उकडतील, ही शंका रास्त आहे. टेरिकॉटचा असेल तर उकडतीलच. पण भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर घरधन्याचा फुलशर्ट चढवतात, तो उगाच नाही. कापड सुती, पातळ, फिकट आणि ढगळ हवं. अंगाला चिकटलेल्या कपड्यातून डास चावतो आणि गडद रंगाकडे एडिस जास्त ओढला जातो. मान आणि कान उघडे राहतात, तेवढ्यावर क्रीमचं बोट फिरवलं की पुरे.

ऑक्टोबरच्या उकाड्यात शर्ट असो वा क्रीम, पाण्याची सुट्टी तहान लागायची वाट न पाहता द्यावी. फार घामेजलेल्यांसाठी लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कुणाला मळमळ, चक्कर वाटली तर खेळ तिथेच थांबवून सावलीत न्यावं. बरळायला लागला तर अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना.

गडचिरोलीकडे मुक्कामी शिबिर असेल तर हिशोब बदलतो. मलेरियाचा डास रात्री चावतो, तिथे मच्छरदाणीच हवी.

बाकी रोजच्या मैदानासाठी शर्ट नवा शिवायची गरज नाही. मोठ्या भावाचा जुना, बटणं शाबूत असलेला चालतो.