मुदत ठेवीवर घेतलेले पहिले क्रेडिट कार्ड
नागपूर विद्यापीठात एम.ए. करताना स्वतःचे उत्पन्न नसल्यामुळे मी सीताबर्डीतील एका बँक शाखेतून 20,000 रुपयांच्या मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड घेतले. वर्षभराच्या वापरानंतर ते विद्यार्थ्यांसाठी मला योग्य वाटते, कारण ठेवीवरचे व्याज चालू राहते आणि वेळेवर फेड केल्यास 300 ते 900 या मोजपट्टीवरचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीबाबतची आपली पत दाखवणारा आकडा) घडू लागतो. मात्र ‘किमान देय रक्कम भरली की पुरे’ हा शाखेतील सल्ला मला फार खटकला. तेवढेच भरल्यास विलंब शुल्क टळते, परंतु उरलेल्या रकमेवर आणि नव्या खरेदीवरही व्याज लागते. एटीएममधून रोख काढल्यास तर ते पहिल्या दिवसापासूनच लागते. वार्षिक शुल्क नाही. कार्ड बंद करेपर्यंत ठेव मात्र अडकून राहते.